हुकातली ढील

अकोल्याच्या डॉक्टरांनी मैनाबाईला घरी न्यायला सांगितलं तेव्हा जानेवारी लागला होता आणि इकडे हिवरखेडला पानपिंपरीचा तोडा ऐन भरात होता. मैनाबाईचा नवरा किसनराव आणि मुलगा योगेश डॉक्टरांच्या टेबलासमोर बसले होते. दुखणं मणक्यात उतरलंय, डॉक्टर म्हणाले. आता गोळ्यांनी कळ दाबून ठेवायची. पाठ सपाट राहील असं निजवायचं, बसवायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही. महिनाभर, फार तर दीड महिना.

योगेशनं मान खाली घातली. किसनरावांनी विचारलं, "साहेब, पाठीले झटके बसून बसून असं होते काय?"

"कसले झटके?"

"ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे. तीस वर्सं ट्रॉलीत बसून वावरात जानं-येनं होतं तिचं."

"नाही काका. त्यानं कॅन्सर होत नाही. हा छातीतून खाली आलाय."

किसनरावांनी मान डोलावली. पटलं मात्र नाही.

हिवरखेडच्या उत्तरेला त्यांचा पानपिंपरीचा मळा होता. पिंपरी म्हणजे औषधात जाणारी, बोटाच्या पेराएवढी शेंग. वेलावरून एकेक हातानं तोडावी लागते, आणि त्या कामात मैनाबाईचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. सकाळी ट्रॉलीत बसून जायचं, संध्याकाळी भरल्या पोत्यांवर बसून यायचं. ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीच्या दांडीचं कडं यांना जोडणारी पिन झिजली होती, कडंही ओढून ओढून लांबट झालं होतं. ट्रॅक्टर जरा थांबला की ट्रॉली मागून येऊन आदळायची, निघाला की खाडकन ओढली जायची. "हुकाचं पाहून घ्या," मैनाबाई म्हणायची. "कंबर मोडून राहिली मायी." पाच-सहा वर्षांत किती वेळा म्हणाली असेल. किसनराव एकदा सगळ्या तोडणाऱ्या बायांसमोर म्हणाले होते, "ट्रॉली हाये ते, पालखी नोहे." बाया हसल्या, मैनाबाईही हसली. पुढे तिनं तो विषय काढणं सोडलं आणि उतरताना एक हात कमरेवर ठेवायला लागली. ते आपण रोज पाहत होतो, हे किसनरावांना आता आठवत होतं.

ॲम्ब्युलन्सनं तिला घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी बाज टाकली. योगेशची बायको पौर्णिमा गोळ्यांच्या वेळा सांभाळू लागली. चौथ्या दिवशी सकाळी मैनाबाई नवऱ्याला म्हणाली, "मले बाईजवळ नेऊन द्या."

बाई म्हणजे चतुराबाई, तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मैना तीन वर्षांची होती आणि चतुरा चौदाची. वर्षभरानं चतुराचं लग्न सातपुड्याच्या पायथ्याशी उमरवाडीला झालं, तर ती धाकटीला काखेत घेऊनच सासरी गेली. सासरच्यांनी कुरकुर केली, चार दिवस कुणी धड बोललं नाही, पण पोर तिथंच वाढली आणि त्याच अंगणातून तिचं लग्न झालं. मैनाबाईला माहेर म्हणून जे काही होतं ते हे एवढंच.

दिवाळीनंतर चतुराबाईला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्यामुळे फोनचा काही उपयोग नव्हता. तिचा मुलगा चंदन यानं एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. बहिणीचा चेहरा पडद्यावर अडकत अडकत दिसायला लागला तसा चतुराबाईनं डाव्या हातानं मोबाइल लोटून दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नेतो," किसनराव म्हणाले.

योगेशनं त्यांना अंगणात गाठलं. "कसं नेता? जीप जाते तिकडे, पन जीपमंदी तिले आडवं निजवता येत नाही. माय कालच म्हनली होती मले, तवा ॲम्ब्युलन्सवाल्याले म्या इचारलं. तो नाल्यापर्यंत जाऊन रस्ता पाहून आला. पाइपलाइनसाठी सारा खोदून ठेवला हाये, गाडीचं पोट टेकते म्हने."

"ट्रॉली जाते."

योगेश बापाकडे पाहत राहिला. "डॉक्टर काय म्हनले ते आयकलं ना तुमी?"

"आयकलं. म्हनून तं हूक पायतो आधी."

त्याच दुपारी त्यांनी ट्रॉलीत सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा मऊ भुसा, कमरेएवढं भरलं, त्यावर दोन गाद्या टाकल्या आणि स्वतः उताणे निजले. "चालव," ते योगेशला म्हणाले. "मळ्याच्या बांधापर्यंत जाय आन वापस ये. रोज चालवतं तसाच चालवजो."

खड्डे कुटारानं बरेचसे गिळले. वरखाली होणं जाणवत होतं, पण मऊ. हिसका मात्र कुटाराला दाद देत नव्हता. योगेशनं क्लच सोडला आणि पहिल्याच ओढीला किसनरावांचे दात एकमेकांवर आपटले. वळणाशी ट्रॅक्टर मंदावला तशी ट्रॉली पुढे धडकली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं अंग एकदम पुढे सरकलं. मग पुन्हा ओढ, मग पुन्हा धडक. तीस वर्षं ते सीटवर बसत आले होते. सीटवर यातला आवाज तेवढा यायचा. मागे काय होतं ते पाहायला ते एकदाही मागे बसले नव्हते.

ट्रॅक्टर अंगणात येऊन थांबला तरी ते उठले नाहीत. हात छातीवर ठेवून आभाळाकडे पाहत पडून राहिले.

"बाबा, उतरता ना?" योगेशनं विचारलं.

"हो," ते म्हणाले, पण उठायला त्यांना बराच वेळ लागला.

अकोट रस्त्यावर जानरावांचं वेल्डिंगचं दुकान होतं, आत एक जुनी लेथ मशीन. जानरावांनी पिन उपसून उजेडात धरली. मधोमध कमरेसारखी बारीक झाली होती. मग कड्यात बोटं घालून पाहिली. "पिन झिजली, कडं झिजलं, हुकाच्या पाट्यांचे छेदही झिजले. तिघांची मिळून दीड बोट ढील झाली हाये, किसनभाऊ. तेवढ्या जागेत ट्रॉलीले पळायले मिळते. पळत येते आन धडकते."

"सारी काढून टाका. मले रत्तीभर ढील नको."

"सारी कशी काढता येईन? नाल्यात उतरतानी ट्रॅक्टर खाली राहते, ट्रॉली वर राहते. कड्याले वाकायले जागा नाही भेटली तं दांडीच मोडते. सूतभर तं ठेवाच लागते."

"सूत म्हंजे किती?"

"इंचाचा आठवा हिस्सा."

किसनराव त्या कड्याकडे पाहत म्हणाले, "तेवढंही लागन तिले."

"कोनाले?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. कुणाला न्यायचं, कुठं न्यायचं आणि डॉक्टर काय म्हणाले ते. जानरावांनी हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला सरकवलं, आणि तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी दुसरं काही हातात घेतलं नाही. कडं कापून गोल करून घेतलं, आत बुशची जाड नळी ठोकून वेल्ड केली. बुशच्या दोन्ही तोंडांच्या कडा घासून उतरत्या केल्या, म्हणजे ट्रॉली वाकली तरी पिन अडकणार नाही. पाट्यांचे छेद भरून पुन्हा पाडले. कडक लोखंडाची नवी पिन लेथवर उतरवली, बसवून पाहिली, पुन्हा उतरवली. कडं वरखाली नाचू नये म्हणून दोन बाजूंना वायसरच्या जाड चकत्या घातल्या. शेवटी त्यांना दिसलं की ट्रॅक्टरचा हूक ज्या बोल्टवर आहे तो बोल्टही खेळतोय. तोही बदलला. किसनराव दोन्ही दिवस दुकानासमोरच्या दगडावर बसून होते. चहा आला तर प्यायले, नाही आला तर नाही.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा कुटारात निजले. या वेळी डोळे मिटून. हिसका गेला नव्हता, पण आता तो धक्का नव्हता. कुणी तळहातानं ढकलावं तेवढं उरलं होतं. फक्त उतारावर योगेशनं क्लच दाबला की ट्रॉली सुटल्यासारखी पुढे यायची. मग त्यांनी ठरवलं, क्लच दाबायचा नाही, पहिला गिअर सोडायचा नाही, वेगाचा दांडा हातानं एका जागी लावून ठेवायचा. बांधापर्यंतच्या सात फेऱ्यांनंतर किसनराव उठून बसले आणि म्हणाले, "उद्या नेऊ."

सकाळी नऊला निघाले. योगेशनं चालवायचं ठरलं. किसनराव ट्रॉलीत, गादीच्या कडेला, मैनाबाईच्या कमरेशी दोन्ही बाजूंनी उशा दाबून बसले. गोळी दिलेली होती. तिला फक्त आभाळ दिसत होतं आणि रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे.

"कुठी आलो?" तिनं विचारलं.

"आपला मळा आला."

"पिंपरी कशी दिसते?"

"वेल लदले हायेत. बाया तोडून राहिल्या. थांबू काय? हाका मारतो त्याइले."

"नका थांबू. थांबलं की पुन्हा निघा लागते."

बाया हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. कुणी हात केला, कुणी पदर तोंडाला लावला. किसनरावांनी त्यातलं काही मैनाबाईला सांगितलं नाही.

मळा मागे पडल्यावर ती म्हणाली, "हूक दुरुस्त केला वाट्टे."

"हो."

"लय उशिरा केला."

हरभऱ्याची वावरं गेली, कपाशीच्या पराटीचे उभे वाळके खुंट गेले. ट्रॅक्टर एकाच सुरात चालला होता. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "डॉक्टरले झटक्याचं इचारलं म्हने तुमी. योगेश सांगत होता."

"इचारलं होतं."

"काय म्हनले?"

"त्यानं होत नाही म्हनले."

"मंग नसंन," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले. झोप लागली असं किसनरावांना वाटलं, तेवढ्यात ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पन झटके लागत होते. ते खरं हाये."

"हो," किसनराव म्हणाले. "लागत होते."

तीस वर्षांच्या गोष्टीवर दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.

नाल्यात उतरताना जानराव म्हणाले होते तेच झालं. ट्रॅक्टर खाली गेला, ट्रॉली काठावर कलली आणि ती सूतभर जागा एकदम भरून आली. धक्का लहानच होता. मैनाबाईच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, नुसते ओठ पांढरे पडले आणि तिनं किसनरावांचं मनगट धरलं. नखं रुतली. योगेशनं मागे वळून पाहिलं. किसनरावांनी मान हलवून त्याला पुढे पाहायला सांगितलं, कारण आता मध्येच थांबणं म्हणजे आणखी एक हिसका. ट्रॅक्टर संथपणे चढून वर आला. बऱ्याच वेळानं तिची बोटं ढिली झाली.

उमरवाडी अकरा किलोमीटर. पोचायला अडीच तास लागले. चंदन चार माणसं घेऊन वेशीत उभा होता. त्यांनी गादीसकट तिला उचललं आणि ओसरीत चतुराबाईच्या बाजेशेजारी दुसऱ्या बाजेवर ठेवलं, डाव्या बाजूला, जिकडचा हात चालत होता तिकडे.

"बाई," मैनाबाई म्हणाली, "मी आली."

चतुराबाईच्या गळ्यातून 'बा, बा' असा एकच आवाज निघत राहिला. तिनं डावा हात लांब करून बहिणीचं कपाळ चाचपलं, गाल चाचपला, मग हात मागे केसांकडे नेला. पडून पडून मैनाबाईच्या केसांचा मागे गुंता झाला होता. घरी पौर्णिमानं तो सोडवायचा प्रयत्न केला होता, पण मान हलली की कळ यायची. चतुराबाई एका हाताच्या दोन बोटांनी तो गुंता उकलायला लागली. एकेक केस, न ओढता. तासभर तिचं तेच चाललं होतं. मैनाबाईला झोप लागली. दुपारच्या गोळीची वेळ टळून गेली तरी ती जागी झाली नाही.

चार वाजता योगेशनं ट्रॅक्टर सुरू केला. त्या आवाजानं मैनाबाईनं डोळे उघडले. किसनराव उशा गोळा करायला लागले होते.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"मले इथंच राहू द्या."

किसनरावांच्या हातात उशी तशीच राहिली. "घर हाये आपलं. चाळीस वर्सं राहिली तू तठी."

"हो. राहिली."

"मंग मायं काय चुकलं ते तं सांग."

"तुमचं नाही काही," मैनाबाई म्हणाली. बोलताना तिला दम लागत होता. "मले बाईजवळ निजू द्या आता."

किसनराव बाहेर गेले. ट्रॉलीमागे जाऊन उभे राहिले, मग पुढे येऊन पिनेला हात लावून पाहिला. काही पाहायचं नव्हतं. न्यायचं आणि परत आणायचं, दोन्हींसाठी त्यांनी तो हूक नीट केला होता. शेवटी ती आपल्या घरात, खिडकीशी, आपल्या डोळ्यांसमोर जाईल, एवढं तरी त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांना राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

योगेश जवळ आला. "बाबा, तुमीही राहा इथं. तोडा मी पाहून घेतो."

ते राहिले. बाहेरच्या पडवीत चंदननं त्यांना सतरंजी टाकून दिली. गोळ्या वेळेवर देणं, चमच्यानं पेज भरवणं, ऊन सरकलं की दोन्ही बाजा सावलीत ओढून घेणं, ही त्यांची कामं. बाकी वेळ ते पडवीत बसत आणि आतलं बोलणं कानावर येई. बोलत एकटी मैनाबाई असे, हळू, थांबत थांबत. ऐकणारी अर्ध्या तोंडानं हसे. चाळीस वर्षांत जे कानावर आलं नव्हतं ते किसनरावांनी तिथं ऐकलं. लग्नाच्या सकाळी नवरी सापडेना म्हणून गाव शोधत होतं आणि ती ज्वारीच्या रिकाम्या कणगीत लपून बसली होती. चतुराबाईनंच तिला बाहेर काढलं, तोंड धुऊन दिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

दुपारी पेज भरवताना त्यांनी विचारलं, "कणगीत काहून लपली होती?"

"भेव वाटलं."

"माया?"

"साऱ्याचा," ती म्हणाली. "तुमाले कुठी पायलं होतं म्या तवा."

बाराव्या दिवशी दुपारी किसनराव पडवीत कपड्यांच्या घड्या घालत होते. आतून चतुराबाईचा आवाज आला. तोच एक आवाज, पण मोठा आणि न थांबणारा. ते आत गेले. मैनाबाईचं तोंड बहिणीकडे वळलेलं होतं आणि चतुराबाईनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. चंदन आईची बोटं सोडवायला पुढे झाला.

"राहू दे," किसनराव म्हणाले. "घाई नाही."

ते खाली जमिनीवर बसले. बऱ्याच वेळानं चतुराबाईनं आपणहून हात सोडला. बोटं उघडायलाही तिला वेळ लागला.

योगेशनं ट्रॉली आणली. अग्नी हिवरखेडलाच द्यायचा होता, नातेवाईक जमले होते, दिवस मावळायच्या आत या म्हणून फोन येत होते. उमरवाडीच्या बाया रस्त्यापर्यंत आल्या. किसनराव तिच्याजवळ ट्रॉलीतच बसले. गाव ओलांडल्यावर योगेशनं गिअर बदलला आणि ट्रॅक्टर भरधाव निघाला.

"हळू घे," किसनराव म्हणाले.

"बाबा, आता तिले..." योगेशनं वाक्य पुरं केलं नाही. त्यानं पुन्हा पहिला गिअर टाकला आणि नाल्यापासून मळ्यापर्यंत, मळ्यापासून घरापर्यंत तो बदलला नाही. उन्हं कलली तेव्हा ते हिवरखेडला पोचले. लोक ताटकळले होते. कुणीतरी पुटपुटलंही, पण किसनरावांचा चेहरा पाहून गप्प झालं.

तेरवी झाली. पिंपरीचा तोडा संपला, माल वाळला, पोती ट्रॉलीत भरून योगेश अकोटला गेला. घरात पौर्णिमा सासऱ्यांना दोन वेळा जेवायला हाक मारायची आणि ते दोन्ही वेळा जेवायचे. खिडकीशी टाकलेली बाज त्यांनी तशीच राहू दिली, पण तिच्यावर ते कधी निजले नाहीत.

फेब्रुवारी सरता सरता एका मंगळवारी ते जीपनं उमरवाडीला गेले. मैनाबाईची दोन लुगडी पिशवीत होती. चतुराबाईनं ती मांडीवर घेतली, घडी मोडून पाहिली आणि एका हातानं पुन्हा घडी घालायला लागली. घडी बसेना. किसनरावांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून दोन्ही लुगडी नीट केली. मग ते तिच्या डाव्या बाजूला खाली बसले. चंदनच्या बायकोनं जेवायला वाढलं. चारच्या जीपनं ते परत निघाले, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले. मग दर मंगळवारी जायला लागले.

एकदा परतीच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईनं त्यांना विचारलं, "भाऊ, दर आठवड्याले दिसता. कोन हाये तुमचं उमरवाडीले?"

साडू केव्हाच वारला होता. बायको गेली होती.

"बाई हाये," ते म्हणाले.

"मोठी बहीण काय?"

"हो," किसनराव म्हणाले, आणि जीप सुरू झाली.